बाटली रिकामी पाठवायची नाही

मला दारूचा वास आवडत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. आमच्या मालकांनाही तिचा नाद नव्हता. कुणाच्या वरातीत, नाहीतर जत्रेत मटणाच्या दिवशी घेतली तर घेतली. सत्तरी ओलांडल्यावर या माणसाला आयरिश व्हिस्कीचं वेड लागेल आणि त्या वेडापायी माझ्या लेकीचं माहेर तुटायची वेळ येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला आधी जेवायला वाढलं असतं आणि मग हाकललं असतं.

आमचं घर निमोण्याच्या शिवारात. कांदा करतो, थोडी शेवंती करतो. लेक दिली राहूला, म्हणजे भीमा ओलांडून दौंड तालुक्यात. व्याह्यांचं तिथं गुऱ्हाळ आहे. माणसं चांगली, पण लग्नात एक गोष्ट घडली. मानपानाचे टॉवेल-टोपी वाटताना व्याह्यांच्या थोरल्या भावानं आमचा टॉवेल उजेडात धरला आणि त्याचं सूत ओढून बघितलं. बोलला काही नाही. नुसतं सूत ओढलं आणि टॉवेल मांडीखाली ठेवला. ते भाऊ आता नाहीत, टॉवेलही नसेल, पण आमच्या मालकांच्या डोक्यातून ते सूत निघालं नाही. पुढची कितीतरी वर्षं दोन व्याही एकमेकांशी बोलायचे ते पाऊस, भाव आणि तब्येत, एवढंच. चहा झाला की टोपी घालून उठायचे.

लेकीचा मुलगा, माझा नातू, शिकायला आयर्लंडला गेला. तिथंच नोकरीला लागला. पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा एक बाटली घेऊन आला. हिरवी, काळ्या बुचाची. त्याचे दोन्ही आजे त्या दिवशी आमच्या कांदा साठवायच्या चाळीपुढं बसले होते. शेजारचे फौजीही होते. फौजी म्हणजे लष्करातून हवालदार होऊन आलेले, आमच्या मालकांचे दोस्त. त्यांना कँटीनमधून बाटल्या मिळतात म्हणून गावात त्यांचं मत मोठं.

मी भाजलेल्या शेंगा ठेवल्या आणि दारात तांदूळ निवडत बसले. तिघांनी पहिला घोट घेतला. मग व्याही म्हणाले, "पाव्हणं, ही घशात भांडत न्हाई."

"व्हय की," आमचे म्हणाले. "जवाच्या कणगीत तोंड घातल्यावानी वास येतोय."

"जवाचीच असती ती, आबा," नातू म्हणाला. "तीनदा गाळत्यात."

"तीनदा?" मी म्हटलं. "आमी च्या बी एकदाच गाळतो."

फौजींनी नातवाला किंमत विचारली. तिथल्या दुकानात जास्त आणि विमानतळावर कमी, असं तो म्हणाला. व्याह्यांना ते पटेना.

"तिथंच बनती आन् तिथंच महाग? हे कसं काय?"

"सरकारचा कर असतो, आप्पा."

"म्हंजी बाजार समिती सगळ्या जगात हाय म्हणायची!"

असे हसले दोघं, की मी निवडायचं सोडून बघत राहिले. लग्नापासून मी त्या दोघांना एकत्र हसताना बघितलं नव्हतं. आमचे त्या दिवशी चार माणसांत म्हणाले, "आसली चीज मी जल्मात पेलो न्हाई. मला कुणी सोन्याची बाटली दिली तरी मी हीच मागंन." हे वाक्य लक्षात ठेवा.

त्या दिवसापासून वेड लागलं. फौजींच्या फोनवर एक गट आहे. त्यात पुण्याची, नाशिकची, कुठं दुबईला नोकरीला असलेली माणसं व्हिस्कीच्या बाटल्यांचे फोटो टाकतात, जसे आमच्या सुना साड्यांचे टाकतात. ही कितीला पडली, कुठून घेतली, फसवलं का बरोबर दिली. फौजी ते मोठ्यानं वाचायचे आणि हे दोघं त्यावर मत द्यायचे. व्याही महिन्या-दीड महिन्यानं मोटारसायकलीवर मागं कुणालातरी बसवून, पारगावच्या पुलावरून, न्हावऱ्यावरून आमच्याकडं यायला लागले. कधी पुण्याहून कुणाकडून तरी मागवलेली बाटली आणायचे, कधी नुसतेच यायचे. प्यायचे किती, तर दोन बोटं. बोलायचे मात्र दिवस मावळेपर्यंत. बैल घ्यायला गेल्यासारखं चालायचं ते. बाटली उलटी करून बूड बघायचं, उजेडात धरायची, लेबल खरं का खोटं ते नखानं बघायचं.

"ह्यो म्हणतोय, तीन हजाराच्या वर दिलं तर येडेपणा," फौजी वाचायचे.

"त्याला काय कळतंय? त्यानं बरफ घातलाय, फोटोत दिसतोय."

"दुसरा म्हणतोय, पाणी घालायचं तर थेंबानं घालायचं. दोन थेंब, बास."

"ठिबक बसवा म्हणावं," आमचे म्हणायचे, आणि पुन्हा सगळे हसायचे.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही. डबा आला तर डब्यात काहीतरी घालून द्यायचं, काही नसलं तर मूठभर साखर. मला आईनं शिकवलेलं आहे, आणि चौथीपर्यंतच्या शाळेपेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं. ती पहिली हिरवी बाटली संपली तेव्हा मी ती धुतली आणि तिच्यात घाण्यावरचं करडईचं तेल भरून लेकीबरोबर राहूला पाठवलं. बाटली चांगली होती, बूच घट्ट बसत होतं. विहीणबाई माझ्यासारख्याच. त्यांनी तेल संपल्यावर तीच बाटली काकवी भरून पाठवली. काकवी खाऊन झाली की मी गरम पाण्यानं धुवायची, तेल भरायची. अशी ती बाटली भीमेच्या अलीकडं-पलीकडं कितीदा गेली आणि आली. दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत असायचं, आता पाळी कुणाची.

दोन वर्षांनी दिवाळीला नातू आला तो दोन बाटल्या घेऊन. विमानात तेवढ्याच चालतात म्हणे. एक राहूच्या आजोबांना दिली आणि भाऊबीजेला आईबरोबर आमच्याकडं आला तेव्हा दुसरी आमच्या मालकांना. तीच, हिरवी, काळ्या बुचाची. मालक खूश. छातीशी धरून चाळीपर्यंत फिरवून आणली.

फौजींनी नातवाला विचारलं, "आन् राहूला कंची दिली?"

नातवानं फोनमध्ये फोटो दाखवला. लाकडी पेटी, आत गवत, त्यात बाटली निजवलेली. फौजींनी लगेच दोन्ही बाटल्यांचे फोटो गटात टाकले. नातू आणि लेक दुपारी निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत गटातून मतं आली. फौजी शहाणा माणूस, पण त्या दिवशी अक्कल गहाण ठेवली होती. सगळं मोठ्यानं वाचलं. पेटीतली बारा वर्षं मुरवलेली, सात हजाराच्या खाली मिळायची नाही. हिरवी आपली नेहमीची, तीन हजाराच्या आत-बाहेर. एकानं लिहिलं होतं, हिरवी पाहुण्यांना द्यायची आणि पेटीतली आपल्याला ठेवायची.

मालकांनी बाटली खाली ठेवली. "पावण्यांना द्यायची," एवढंच म्हणाले.

रात्री जेवताना मला म्हणाले, "मुलीच्या बापाची बाटली हाय ती. हलक्या सुताची."

मी म्हटलं, "नातू तुमचा बी हाय. पोरानं काय सूत बघून आनली व्हय?"

पण माणूस ऐकेल तर ना. बाटली तशीच, सील न फोडता, ज्वारीच्या कोठीमागं ठेवून दिली.

तुळशीचं लग्न झालं की राहूला गुऱ्हाळ सुरू होतं. पहिल्या काहिलीची, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईची, पूजा असते, आणि दोन वर्षं व्याही पहिला गरम गूळ आमच्या मालकांच्या हातावर ठेवत होते. यंदाही फोन आला. मालक म्हणाले, गुडघा दुखतोय. गुडघा दुखत नव्हता. त्याच दिवशी त्यांनी शेवंतीला पाणी दिलं, सगळ्या सऱ्या फिरून. फौजींनी ते गटात सांगितलं नाही, पण राहूच्या बाजाराला जाणाऱ्या कुणीतरी सांगितलं असणार. व्याही समजायचं ते समजले. फोन बंद झाले.

चंपाषष्ठीला लेक दरवर्षी येते. रोडगे तीच थापते. मी विचारायला फोन केला. सासऱ्यांना ती मामा म्हणते. म्हणाली, "आये, मामांना इचारलं. ते म्हणले, ज्यांना आमच्या दारात यायला पाय न्हाईत, त्यांच्याकडं तू कशाला पळतीस. आता मी कुणाच्या बाजूनं बोलू? तूच सांग."

लेकीनं त्या घरात पंचवीस वर्षं सगळ्यांचं करून स्वतःची जागा केलेली. सासऱ्याला उलट बोलली तर ती जागा हलते, आणि नाही बोलली तर माहेर तुटतं. दोन म्हातारे बाटलीच्या किमतीवरून बसलेत रुसून, आणि पाय अडकलेत तिचे.

मी नातवाला फोन लावला. तो परत आयर्लंडला गेलेला होता. फोन फोडणीच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे त्याचं तोंड दिसतं.

"का रं, दोन बाटल्यांत फरक का केलास?"

त्याला आधी कळेचना. मग म्हणाला, "आजी, आबाच म्हणले होते ना, सोन्याची दिली तरी हीच मागंन. मी त्यासाठी विमानतळावर दोन दुकानं फिरलो. आप्पांना काय आवडतं ते म्हाईत न्हवतं, म्हणून दुकानदार म्हणला ती घेतली."

मालक दारातच उभे होते. सगळं ऐकलं. मी म्हटलं, "आता?"

"म्हणलो आसंन," ते म्हणाले. "तवा दुसरीची किंमत कुठं म्हाईत हुती?"

"म्हंजी चव कळत हुती, ती किंमत कळल्यावर कळायची बंद झाली?"

टोपी घालून शेतात गेले. 

फळीवर ती पहिली बाटली होती. काकवी संपून गेलेली, तळाला थोडी चिकटलेली. पाळी आमची होती. एवढे दिवस बाटली परत गेली नाही, हे राहूच्या स्वयंपाकघरात विहीणबाई रोज बघत असणार. मी बाटली धुतली. तेल बघितलं, तर घाण्यावरचं तेल संपलेलं, नवी करडई अजून रानात. दुकानात तेल मिळत नव्हतं असं नाही. पण मला त्या दिवशी दुकानात जायचं नव्हतं. मी कोठीमागची बाटली काढली, सील फोडलं, आणि निम्मी व्हिस्की त्या जुन्या बाटलीत ओतली. घरात जे असेल ते द्यायचं, रीत एवढीच सांगते.

फौजींकडं गेले. म्हटलं, "गाडी काढा. राहूला जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"ती पेटीतली बाटली तुमी फोटोतच बघितलीय ना?"

फौजींनी चप्पलसुद्धा धड घातली नाही. त्यांची जुनी व्हॅन आहे, दार आतून बांधावं लागतं. मालकांना मी सांगितलं, लेकीला बघून येते. ते म्हणाले, "जा. माझा निरोप काय न्हाई." मी म्हटलं, "मी मागितला का?"

राहूला पोचलो तर गुऱ्हाळ जोरात चाललेलं. हंगामात त्या वस्तीवर नाकाला गुळाच्या वाफेशिवाय काही कळत नाही. कपड्यांना, केसांना, पाण्यालाही तोच वास. व्याही काहिलीजवळ उभे होते. मला बघून पुढं आले, पण तोंडावर रेघ हलली नाही.

"या, इहीणबाई. पाव्हण्यांचा गुडघा कसा हाय?"

"गुडघा बरा हाय. डोकं दुखतंय."

ते काहिलीकडं वळले. लेकीनं पाय धुवायला पाणी दिलं. तिचा चेहरा उतरलेला होता. मी मोरीवर गेले आणि माझी पिशवी विहीणबाईंनी आत नेली. चूक झाली ती इथंच, आणि ती आमच्या दोन घरांतच होऊ शकते. विहीणबाईंनी पिशवीतून हिरवी बाटली काढली. त्या बाटलीतून आजवर तेलाशिवाय दुसरं काही आलेलं नव्हतं. रंग बघाल तर करडईच्या तेलाचाच. पाहुण्यांना पोहे करायचे म्हणून कढई तापत ठेवलेली. त्यांनी मोहरी हातात घेतली आणि बाटलीतलं पळीभर कढईत ओतलं.

मी पाय पुसत होते. आतून मोठा चर्रर्र आवाज आला आणि कढईतून निळा-पिवळा जाळ वर गेला. विहीणबाई "आगं बया!" म्हणून मागं सरल्या. लेक धावली, तिनं परात उचलून कढईवर उलटी घातली, गॅस बंद केला. केस नाही, पदर नाही, कुणाला काही झालं नाही. नुसता वास. गुळाच्या सगळ्या वाफेला मागं सारून तो वास बाहेर गेला आणि गुऱ्हाळावरून व्याही पळत आले. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

"आगं, कढईत काय वतलंस?"

"तेल," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मुठीत मोहरी तशीच होती. "इहीणबाईंनी आनलेलं."

व्याह्यांनी बाटली उचलली, नाकाशी नेली. मग माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा बाटलीकडं.

"तेल संपलं हुतं," मी म्हटलं. "बाटली रिकामी पाठवत न्हाई आमी."

फौजी दारातून म्हणाले, "दोन पेग ग्येले बगा. कमीत कमी."

"दोन? पळी केवढी हाय बगा की! तीन ग्येले."

"तीन हजाराची बाटली धरली तरी..."

"तीन हजार कंचे? पुण्यात आता सव्वातीन झालेत, तुमचा गट जुनाच भाव सांगतोय."

"गट कालच बोललाय!"

कढईतून धूर निघत होता आणि हे दोघं भावावरून भांडत होते. आधी लेकीला हसू आलं. पदर तोंडात धरला, पण थांबेना. मग विहीणबाई हसल्या, मुठीतली मोहरी सगळी जमिनीवर. शेवटी व्याही खाटेवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आमच्या मालकांना लावला. इतक्या दिवसांनी. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यांना कमी ऐकू येतं.

"पाव्हणं, गुडघा र्‍हाऊ द्या. तुमची हिरवी बाटली आमच्या हिनं फोडणीला घातली."

आमचे म्हणाले, "कंची हिरवी? माझी सीलबंद हाय, कोठीमागं."

"बगा जाऊन."

पावलांचा आवाज आला, कोठी सरकल्याचा आवाज आला. "सील कुणी फोडलं?" मी जमिनीवरची मोहरी गोळा करायला लागले. "किती जाळली?"

"तीन पेग."

"तीन पेग! आरं, तुमच्या घरात बाया हायेत का कोन! थांबा, मी येतो."

दिवस मावळायच्या आत आले. गावातल्या कुणाच्यातरी मोटारसायकलीवर बसून, उरलेली निम्मी बाटली उपरण्यात गुंडाळून, पोटाशी धरून. मला बघून म्हणाले, "घरात चोर पाळलाय मी." मी म्हटलं, "चोरानं निम्मी ठेवली, उपकार माना."

व्याह्यांनी लाकडी पेटी बाहेर आणली. मला वाटलं होतं, बाटली संपली असेल. झाकण काढलं तर वरून बोटभरच कमी.

"दिवाळीला एक घेतली," व्याही म्हणाले. "मग ठिवून दिली. सात हजाराची म्हणत्यात. चांगली असंल. पण चांगली हाय म्हणायचं कुणाला? गुळव्याला सांगितलं, तर त्यो म्हणला, मालक, उसाचं बिल कवा निगनार?"

चौघांना, म्हणजे दोघं व्याही, फौजी आणि माझा जावई, त्यांना लेकीनं पेले दिले. आमच्या मालकांनी पेटीतली तोंडात धरली, गिळली, खाली बघत बसले. फौजी फोन काढून तयारच होते, मत लिहायला.

"भारी हाय," मालक म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण आपली ती हिरवीच."

"मी दिवाळीपासनं हेच म्हणतोय!" व्याही म्हणाले. "लाकडाचाच वास जास्ती येतोय हिला. निम्मं पैसं पेटीचं हायेत."

"ते न्हाई म्हणत मी. पैसं वसूल हायेत."

"कसं काय वसूल? सांगा की."

सुरू झालं. मी आत गेले आणि लेकीबरोबर पोहे केले, दुकानच्या तेलात.

निघताना व्याह्यांनी ती लाकडी पेटी आमच्या मालकांपुढं धरली. "ही तुमी न्या. मान म्हणून."

मालकांनी झाकण उघडून बघितलं. "रिकामी देताय व्हय, पाव्हणं?"

ते असं म्हणाले आणि मला कळलं, की सूत निघालं एकदाचं. विहीणबाई उठल्या, कोमट गुळाची छोटी ढेप आणली आणि गवत बाजूला सारून पेटीत बसवली. अगदी बाटलीच्या जागी. लेक चंपाषष्ठीला आमच्याबरोबरच निघाली, त्याच व्हॅनमधून. दार तिनं घट्ट धरून ठेवलं, कारण बांधायची दोरी फौजींनी घाईत कुठंतरी टाकली होती.

गूळ संपत आलाय. पेटी आमच्या फळीवर आहे आणि पाळी आमची आहे. लसूण निघाला की त्यात भरून पाठवीन. बाटलीतून पाठवण्यासारखं काही असेल, तर आता वर चिठ्ठी लावा, असं लेक म्हणते. मी म्हटलं, चिठ्ठी कशाला, वास घ्यावा माणसानं.